गोठ्यातली साडी

आमच्या घरातून सगळे मिळून कधीच कुठं गेलेले नाहीत. दारात म्हैस असली की ते जमत नाही. पहाटे पाचला एक धार, संध्याकाळी पाचला दुसरी. मग लग्न असो, बारसं असो, कुणीतरी मागं राहायचंच. आमच्या घरात ते कुणीतरी म्हणजे माझ्या सासूबाई. उरवडे गावातल्या बाकीच्या सुनांसारखी मीही त्यांना आत्या म्हणायचे. माझ्या लग्नात अक्षता पडल्या, जेवणं उरकली आणि वरमाय सरळ घरी निघून गेली. मला मेलीला असा राग आला होता! माहेरच्या बायका कुजबुजल्या, सासूला सून पसंत नाही वाटतं. वरात दारात आली तर बाई लग्नातली काठापदराची साडी घडी करून ठेवून, जुनेर नेसून म्हशीखाली बसलेल्या. "ये," म्हणाल्या, "तुज्याच च्याला दूध काढतीय."

म्हैस त्यांच्याशिवाय कुणालाच हात लावू द्यायची नाही. मी बसले की पान्हा चोरायची आणि वर लाथ झाडायची. बारा वर्षांत मी दोन चरव्यांना पोचे पाडून घेतले, पण दूध काही मिळालं नाही.

मागच्या मे महिन्यात माझ्या मुलीनं कात्रजचं प्राणीसंग्रहालय बघायचा हट्ट धरला. नऊ वर्षांची आहे, हट्टाला कमी नाही. ओट्यावर बसून ती आजीला मोबाइलवर एकेक प्राणी दाखवत होती. वाघ झाला, हत्ती झाला, अस्वल झालं. आत्या शेंगा फोडत नुसत्या "व्हय, व्हय" म्हणत होत्या. मग गवा आला आणि त्यांचे हात थांबले. त्या लहान असताना त्यांचे वडील घाटाच्या रानातल्या गव्याच्या गोष्टी सांगायचे. आत्यांनी तो कधी पाहिला नव्हता.

"ह्यो तर आपल्या म्हशीचा भाऊ हाय," त्या म्हणाल्या. "ह्यो मला बगायचाय."

बारा वर्षांत त्यांच्या तोंडून "मला" हा शब्द मी ऐकला नव्हता. बांगड्या नकोत, पायाला तेल नको, दुखलं तरी डॉक्टर नको. मी तिथल्या तिथं ठरवलं, ह्या वेळी आत्या जाणार आणि मागं मी राहणार.

सगळं नियोजन माझं. हे मी मुद्दाम सांगते. दिवस मी ठरवला. आमच्या ह्यांना कारखान्यात त्या महिन्यात बुधवारची सुट्टी होती, म्हणून बुधवार. नेरे गावात दिलेल्या नणंदेला मी फोन केला, तिच्या पोरांना घेऊन आदल्या दिवशीच ये म्हणून. भावकीतल्या एकाची जीप मी सांगितली. धपाटे, दह्याची चटणी, उकडलेली अंडी, आत्यांसाठी गुडघ्याचं मलम, पोरांच्या टोप्या, पाण्याचे दोन कॅन. हत्तीपाशी किती वेळ थांबायचं आणि गव्यापाशी किती, तेसुद्धा मी ह्यांना बजावून ठेवलं होतं.

राहिली म्हैस. माझी आई म्हणायची, धार काढणाऱ्या बाईची न धुतलेली साडी नेसून बसलं की जनावर फसतं. मी आत्यांची गोठ्यातली हिरवी साडी नेसले. तिला शेणाचा, पेंडीचा, त्यांच्या घामाचा, सगळ्याचा मिळून एक वास होता. पंधरा दिवस मी ती साडी नेसून बसत होते आणि आत्या दाराआड उभ्या राहून तोंडात पदर कोंबून हसत होत्या. "वाकून बस की जरा! मी काय अशी ताठ बसती व्हय?" मी वाकले. "खाकर आता." मी खाकरले. बाराव्या दिवशी म्हशीनं साडी हुंगली, सुस्कारा टाकला आणि पान्हा सोडला. मी आनंदानं ओरडणारच होते. मागं बघितलं तर आत्यांचं हसू ओसरलं होतं.

"झालं मग," त्या म्हणाल्या. "आता माजी काय गरज?"

मी म्हटलं, "आत्या, एका दिसाचाच परश्न हाय. गवा बगून या आनि बसा परत." तेव्हा पुन्हा हसल्या.

बुधवारी नऊला जीप निघाली. आत्या पुढं बसल्या होत्या, काठापदराच्या साडीत, तीच माझ्या लग्नातली. जीप वळेपर्यंत त्या मान बाहेर काढून मला सांगत होत्या, म्हशीचं पेंडीचं आंबवण जास्त पातळ करू नको, रेडकाला आधी सोड. मी दिवसभर घरात एकटी आणि खरं सांगते, फार खुशीत होते. साडेतीनलाच हिरवी साडी नेसून मी चरवी घासायला घेतली.

तेवढ्यात दारात जीप वाजली.

आधी मुलगी उतरली, रडून डोळे लाल झालेले. मागून नणंद. हे माझ्याकडं न बघता म्हणाले, "बंद होतं. बुधवारी सुट्टी असती तितं."

मला ते कळेचना. पंधरा दिवस मी चटणीचा विचार केला, मलमाचा केला, म्हशीचा केला. पण जनावरांच्या जागेला आठवड्याची सुट्टी असेल, हे आमच्यातल्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. कसं येणार? आमच्या गोठ्याला तीस वर्षांत एक दिवस सुट्टी मिळाली नाही. ज्यानं घरात कधी जनावर बांधलं नाही, त्यानं फाटकावरच्या पाटीची चौकशी आधी केली असती.

आत्या सावकाश उतरल्या. "काय गं," मला म्हणाल्या, "बुधवारी त्यांना भूक लागत न्हाई व्हय?" मग माझं तोंड बघून लगेच म्हणाल्या, "असू दे. त्यांना बी एक दिस मानसांची कटकट नगं."

मुलीनं नंतर सांगितलं. आज्जी दुपारपर्यंत फाटकापासून हलायलाच तयार नव्हती. भिंतीकडेनं थोडं चालत गेली, नाक वर करून उभी राहिली आणि म्हणाली, "शेनाचा वास येतोय. आत हायेत." मग सगळ्यांनी रस्त्याकडेला जीपमध्ये बसून धपाटे खाल्ले.

मी ह्यांच्यावर ओरडले, एक फोन करता आला नाही का म्हणून. नणंदेवरही ओरडले, ती तर बिचारी पाहुणी. हे शांतपणे म्हणाले, "दिवस तू ठरवलावतास." मी चरवी उचलून पुन्हा घासायला लागले. आत्या काठापदराची साडी बदलून बाहेर आल्या आणि माझ्यापुढं हात केला. "दे ती चरवी. आले न्हवं मी."

पुढच्या आठवड्यात जाऊ म्हटलं. पुढच्या आठवड्यातही ह्यांची सुट्टी बुधवारीच. मग भाताचं रोप टाकायचं आलं, मग लावणी, मग मुलीची शाळा. आत्यांनी गव्याचं नाव पुन्हा काढलं नाही. मी तरी काढायला हवं होतं. मला आठवत होतं, रोज आठवत होतं, पण स्वतःच्या चुकीची लाज वाटत होती म्हणून मी गप्प राहिले. हे मला आयुष्यभर पुरणार आहे.

भाद्रपदात एका सकाळी त्यांनी धार काढली, चरवी ओट्यावर ठेवली, शेजारी टेकल्या आणि पुन्हा उठल्या नाहीत. दूध अजून कोमट होतं.

दुपारी त्यांना अंघोळ घालून काठापदराची साडी नेसवली आणि नेलं. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना चार वाजता घराबाहेर असलेलं पाहिलं. पाचला म्हैस ओरडायला लागली. कास भरून आली होती, तिला सुतक कसलं कळतंय. नणंद आईचे कपडे गाठोड्यात बांधत होती. अंघोळीआधी त्यांच्या अंगावरून उतरवलेली हिरवी साडी मी त्यातून ओढून काढली.

"वहिनी, ती नका घेऊ. मयताची हाय."

"म्हशीला कुटं म्हाईतीय?" मी म्हटलं.

मी साडी नेसले. वाकून बसले. खाकरले. म्हशीनं मान वळवून पदर हुंगला, सुस्कारा टाकला आणि पान्हा सोडला. बायका दारात उभ्या होत्या. मी कपाळ तिच्या पोटाला टेकवलं आणि रडत रडत धार काढत राहिले. अगदी ठरल्यासारखं झालं होतं सगळं. आत्या गेल्या होत्या आणि मागं मी राहिले होते.