रेखा मारोती कोणाची?

बोरी अरबच्या फाट्यावर आम्ही दोघी बहिणी यवतमाळच्या एसटीची वाट पाहत उभ्या होतो. कापूस वेचणीचे दिवस होते. याडी, म्हणजे माझी आई, वावरातून तशीच आली होती, केसांत कापसाचे तंतू अडकलेले. मला पुण्यात एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती. माझ्यासोबत निघाली होती काकांची ज्योती, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. ती नोकरीला नाही, खेळायला चालली होती. बस येईपर्यंत काका मला एकच गोष्ट तीनदा म्हणाले, "वनिता, तिले एकटं सोडू नको." ज्योती मात्र रस्त्याकडे पाहत होती. गाडी वळणावर दिसली तशी सगळ्यांच्या आधी तिनं पिशवी उचलली.

तुम्ही तांड्यावरची माणसं अजून ग्रुपवर विचारता, ज्योतीचं शेवटी काय झालं, भारताच्या टीममध्ये तिला का घेतलं नाही? सुरतेला आणि हैदराबादला गेलेलेही विचारतात. मी दर वेळी दोन ओळींत उत्तर दिलं, आणि ते पूर्ण खरं नव्हतं. त्यात माझा जो वाटा आहे तो मी लपवला होता. आज सगळं लिहिते.

रग्बी आमच्याकडे आली ती दारव्ह्याच्या कॉलेजात. खेळाच्या सरांनी एक लांबट, अंड्यासारखा चेंडू आणला होता. चेंडू हातात घेऊन पळायचं, पास पुढं नाही, मागेच द्यायचा, आणि समोरच्यानं येऊन तुम्हाला पाडायचं, म्हणजे टॅकल करायचं. ज्योती आधीपासून कबड्डी खेळायची, त्यामुळे पळत्या माणसाला कमरेत धरून आडवं करणं तिला कोणी शिकवावं लागलं नाही. दोन वर्षांत ती राज्याच्या संघात गेली आणि पुण्यातल्या एका क्लबच्या प्रशिक्षकांनी तिला बोलावून घेतलं.

हडपसरला आम्ही एक खोली घेतली. माझ्या ड्यूटीच्या पाळ्या आणि तिची प्रॅक्टिस, दोघींची वेळ जुळायची नाही. तांड्यात आमची बंजारा बोली बोलायची, गावात वऱ्हाडी, आणि इथं दवाखान्यात पुणेरी मराठी. 'मले' म्हटलं की वॉर्डातल्या पोरी हसायच्या, म्हणून मी महिन्याभरात 'मला' म्हणायला शिकले. ज्योती शिकली नाही. मैदानावर तिला ओरिसाच्या, बंगालच्या, बिहारच्या मुली भेटल्या होत्या आणि तिथं सगळ्यांचीच भाषा मोडकी होती.

रविवारी मी तिचे सामने पाहायला जाऊ लागले आणि नकळत पुरती नादी लागले. नियम पाठ केले. रग्बी पाहणाऱ्यांच्या एका ऑनलाइन ग्रुपात शिरले. या देशात रग्बी पाहणारे किती असतील, पण जे आहेत ते क्रिकेटवाल्यांसारखेच भांडतात. परदेशातला भारताचा सामना मोबाइलवर अडकत अडकत दिसायचा आणि आम्ही प्रत्येक चुकीच्या पासनंतर लिहायचो की हिला घेतलीच कशी. निवडीची यादी आली की मग आठवडाभर दुसरा विषय नसायचा.

पहिल्या वर्षी ज्योती राष्ट्रीय शिबिरात गेली आणि शेवटच्या बारा जणींत तिचं नाव नव्हतं. नवीन आहे, म्हणाले. दुसऱ्या वर्षी गुडघ्याचं कारण सांगितलं. त्या गुडघ्याचे रिपोर्ट मी स्वतः आमच्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवले होते आणि त्यांना त्यात काही सापडलं नव्हतं. तेव्हापासून माझं मन साफ राहिलं नाही.

तुम्हाला हे सांगायला नको. आपल्याकडे यादी म्हटलं की माणूस आधी शंका घेतो. बापूंनी, माझ्या वडिलांनी, घरकुलाच्या यादीत स्वतःचं नाव दोन वेळा गाळलेलं पाहिलंय. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागला की ते वरून खालपर्यंत बोट फिरवायचे आणि मग म्हणायचे, "नाव नंतर पाहा. आंधी पाहा लिवली कोणं." मी पुण्यात आले, पगार बँकेत जमा होऊ लागला, पण यादी वाचायची रीत बापूंचीच राहिली.

तिसऱ्या वर्षी शिबिर संपलं, शेवटचा चाचणी सामना शनिवारी झाला आणि सोमवारी यादी आली. ज्योती नव्हती. तिच्या जागी, विंगवर म्हणजे कडेनं पळणारीच्या जागेवर, एक नवीन नाव होतं: रेखा मारोती, पुणे. मी हे नाव कधी ऐकलं नव्हतं. शोधलं तेव्हा कळलं की निवड समितीतले एक जण ज्या क्लबचे जुने खेळाडू, त्याच क्लबची ही मुलगी. मग मी यादीची फाइल उघडून त्या फाइलचीच माहिती पाहिली. फाइल बनल्याची तारीख शुक्रवारची होती, म्हणजे चाचणी सामन्याच्या आदल्या दिवसाची.

 जेवणाच्या सुटीत, दवाखान्याच्या जिन्यात बसून, मी त्या रग्बीच्या ग्रुपवर लिहिलं. तारखेचा फोटो टाकला. त्याखाली लिहिलं, "चाचणीआधीच यादी तयार होती. ही रेखा मारोती कोण? कोणाची?"

संध्याकाळपर्यंत ते शेकडो लोकांनी पुढं पाठवलं. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. अनोळखी माणसं म्हणत होती की ताई, तुम्ही बरोबर पकडलंत. पण तारखेबद्दल कोणी फारसं बोलेना. सगळे त्या शेवटच्या शब्दाला धरून बसले. ती कोणाची, समितीतल्या त्या माणसाशी तिचं काय, इथपासून जे सुरू झालं ते मी इथं लिहू शकत नाही. तिचा फोटोही कोणीतरी शोधून काढला. मी ते वाचत होते आणि थांबवत नव्हते.

ज्योती दोन दिवस माझ्याशी बोललीच नाही. मला तिचीही शंका आली. इतका अन्याय झाला आणि ही चिडत कशी नाही? हिला कोणी दम दिला की पुढच्या वर्षीचं आमिष दाखवलं? तिसऱ्या दिवशी मी तिला तोंडावर विचारलं. ती बुटाचा चिखल चाकूनं खरवडत होती.

"बाई," ती म्हणाली, आमच्यात थोरल्या बहिणीला बाई म्हणतात, "तू माह्यासाठी लिवलं, पण मले विचारलं काय?"

मी म्हणाले, तारीख तर खोटी नाही ना.

"तारीख खरी असन. ते लोक आंधीच ठरवून बसले असन. पण शनिवारी रेखा माह्या हातातून दोनदा सुटून गेली. दोनदा. मी पाहत राह्यली. तेबी खरंच हाये."

मग तिनं सांगितलं की रेखा पांढरकवड्याच्या पुढल्या एका पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची आहे, जंगलाच्या कडेला दहा-पंधरा घरं. शाळेच्या दाखल्यावर आडनाव लिहायचं राहून गेलं आणि बापाचं नावच आडनाव झालं. पुण्याला येऊन तिला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. मी ज्या जिल्ह्यातून आले त्याच जिल्ह्यातली ही मुलगी, आणि यादीत 'पुणे' वाचून मी तिला पुण्याची समजले होते. मी लिहिलेलं तिच्या पोडावर कोणीतरी तिच्या बापाला वाचून दाखवलं होतं. बापानं निरोप पाठवला होता की पोरी, घरी ये, नाही खेळायचं. ती सामान बांधून बसली होती.

मी आधी सगळं पुसून टाकलं. पुसून काय होतं, ते तर कुठल्या कुठं गेलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रजा टाकून ज्योतीबरोबर रेखाच्या क्लबच्या मैदानावर गेले. रेखा प्रॅक्टिसला उतरली नव्हती. पॅव्हेलियनच्या पायऱ्यांवर एक बारकी, सावळी मुलगी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी माझं नाव सांगितलं. मी यवतमाळची आहे, हे सांगताना माझी जीभ आपोआप 'मले'वर आली. मी माफी मागितली. ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुमी इचारलं कोणाची. मारोतीची. नावातच तं हाये."

 आपल्या तांड्यावर एखादी नवी पोरगी दिसली की म्हाताऱ्या हाच प्रश्न विचारतात, कोणाची गं तू? कोणाच्या घरी पाहुणी आली, हे कळावं आणि तिला चहा द्यावा म्हणून. तोच प्रश्न मी शहरात येऊन कसा विचारला होता, ते त्या पायरीवर मला कळलं.

तिच्या बापाशी मी फोनवर बोलले. ते मराठी जपून बोलत होते. मी कोण ते सांगितलं, चूक कबूल केली. ते रागावले नाहीत. इतकंच म्हणाले, "तुमी बी कोणाची तरी पोरगीच असान ना." रेखा राहिली. ती खेळायला परदेशी गेली, दोन सामन्यांत शेवटची काही मिनिटं उतरली, आणि ज्योतीनं आणि मी हडपसरच्या खोलीत बसून ती मिनिटं पाहिली. ज्योती एकदाच ओरडली, रेखानं कोपऱ्यातून चेंडू नेला तेव्हा.

पण तुम्हाला वाटेल की मग माझी शंका गेली. गेली नाही. परत आल्यावर रेखानंच म्हटलं की त्या तारखेचं विचारायला हवं, आपण तिघी सही करू. आम्ही साध्या भाषेत अर्ज लिहिला: चाचणीचे गुण सगळ्यांना दाखवा. उत्तर एका ओळीत आलं, आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. ती फाइल शुक्रवारी का बनली, हे मला आजही माहीत नाही. त्यानंतरची प्रत्येक यादी मी उघडून तारीख पाहतेच. फक्त आता मुलीचं नाव घेऊन काही लिहीत नाही.

ज्योती पुढच्या वर्षी राखीवमध्ये होती आणि विमानात चढली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी ती गावाकडे परत गेली. दारव्ह्याला मुलींना शिकवते, हे तुम्ही पाहताच. मागच्या सुटीत मी आले तेव्हा जिल्ह्याच्या संघाची निवड होती. तीस-बत्तीस मुली होत्या, घ्यायच्या होत्या बारा. ज्योतीनं नावं मैदानातच मोठ्यानं वाचली आणि कागद हातात धरून तिथंच उभी राहिली. एक बाप पुढं आला, डोक्याला रुमाल, आवाज चढलेला. माही पोरगी काहून नाई, म्हणाला. ज्योतीनं पोरीला बोलावलं आणि तिच्यासमोर सांगितलं की उजव्या बाजूनं टॅकल करताना ही डोळे मिटते, दोन महिन्यांत सुधारेल, तेव्हा ये. बाप लगेच पटून गेला असं नाही. तो तिथंच उभा राहून आणखी चार गोष्टी विचारत राहिला आणि ती उत्तरं देत राहिली.

बारा जणींत एक आपल्या तांड्यावरची होती. मी ज्योतीला बाजूला घेऊन विचारलं, हिला कशी घेतली? ती चिडली नाही. म्हणाली, चाल, दाखवतो, आणि त्या पोरीला पळायला लावलं.

पुण्यात माझी खोली आहे, नोकरी आहे, ओळखीची माणसं आहेत. परत येईन असं मी म्हणत नाही. पण घर कोणतं असं कोणी विचारलं, तर मला ते दारव्ह्याचं मैदान आठवतं. भर उन्हात एक माणूस तावातावानं विचारत होता आणि जिला विचारत होता ती समोर उभी होती.