चीनची म्हातारी

आमच्या राळेगावातली गिरणीवाली काकू नेहमी चक्कीच्या वरच्या आवाजात बोलते. पिठाने तिच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असतात. दळणाचे डबे घेऊन आलेल्या पोरांना ती एकच गोष्ट सांगते: लेकीकडे खाऊन-पिऊन जाडजूड झालेली म्हातारी भोपळ्यात बसून, वाघाला चकवत घरी येते.

एकदा एका चिमुरडीने तिला मधेच अडवलं. "काकू, माय लेकीच्या घरी जेवते कशी? माही आजी त तिथं पाणीबी पेत नाही."

सगळी पोरं हसली. गोष्ट तिथेच मोडायला आली होती. काकूने शांतपणे चक्कीत गहू ओतले. "अवं, हे म्हातारी चीनची होय. तिकडं चालते."

तेव्हापासून भोपळा चीनमध्ये गडगडतो. म्हातारी दोन काड्यांनी तूपपोळी खाते. वाघ मात्र अजून वऱ्हाडीतच बोलतो.

दिवाळीनंतर गिरणी आठवडाभर बंद होती. काकू बाभुळगावला लेकीकडे गेली होती. परत आली तेव्हा तिचं पोलकं दंडात रुतत होतं.

मी विचारलं, "काकू, लेकीकडं जेवल्या काय मंग?"

तिने आधी चक्की सुरू केली, इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन ओरडली, "मी चीनले गेलती!"