चार जादूच्या पोरी आणि धुळ्याची सोयरीक

स्वतःच्या हातानं स्वतःचं लग्न ठरवलेली पोरगी पाहायची असेल, तर कप खाली ठेवा आणि माझ्याकडे बघा. प्रेमविवाह नाही हो. तेवढी अक्कल असती तर कशाला सांगत बसले असते? मी लग्न मोडायला गेले होते.

झालं असं, की एस.वाय.ला मी कॉलेज सोडलं. आमचे सर गाईड नाकासमोर धरून शिकवायचे आणि मुलीनं प्रश्न विचारला की म्हणायचे, "बस खाली, परीक्षेला नाही येत हे." म्हटलं, गाईड तर मी घरीही वाचीन. आले घरी. पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत जणू कुणी वारलं. भाऊंनी, म्हणजे माझ्या वडलांनी, माझ्याशी बोलणंच टाकलं. माझ्यासमोर उभे राहून आईला सांगायचे, "तिला म्हणावं, पंखा बंद कर."

घरात बसून करायचं काय? माळ्यावरून शाळेतली पुस्तकं काढली. सहा भागांची मालिका. चार बहिणी, प्रत्येकीकडे एक शक्ती. एक आग लावते, एक पाणी अडवते, एक उडते, धाकटी जनावरांशी बोलते. आठवीत असताना या चौघींसाठी मी जीव टाकायचे. स्टँडजवळच्या रद्दीवाल्याकडे पुढचा भाग आला का, हे विचारायला रोज वाट वाकडी करायचे.

आता एकोणिसाव्या वर्षी वाचते, तर डोकंच फिरलं. ती उडणारी पोरगी रोज दिवेलागणीच्या आत घरी. का? तर आजोबा रागावतात. अगं बाई, तू उडतेस ना? म्हाताऱ्याला ठेवून ये एखाद्या डोंगरावर. दुसरी अख्खी नदी थांबवते आणि घरी येऊन भावाला पाण्याचा तांब्या भरून देते. त्याला काय हात नाहीत? आणि सहाव्या भागात चौघींची लग्नं लागतात, अक्षता पडल्या की शक्ती गायब. लेखकाला वाटलं असेल, काय गोड शेवट केला. मी पुस्तक भिंतीवर फेकलं. मग उचललं आणि पुन्हा पहिल्या भागापासून सुरू केलं. शिव्या घालत वाचायचं, पण वाचायचं.

एकच जागा मला अजून पटत होती. तिसऱ्या भागात दुष्ट राजाची माणसं थोरलीला न्यायला येतात. ती केस मोकळे सोडते, डोळे फिरवते, घुमायला लागते. माणसं चपला टाकून पळतात.

नेमकी त्याच आठवड्यात अक्का आली. अक्का म्हणजे भाऊंची थोरली बहीण. मुक्काम भडगाव, उद्योग दुसऱ्यांच्या पोरी उजवणे.

"धुयाना पोऱ्या शे," ती भाऊंना म्हणाली. "पाइपनं दुकान शे. आते आखो काय पाहिजे?"

धुळ्याचा पोरगा, पाइपचं दुकान, विषय संपला. मला काय पाहिजे, हे कुणी विचारलं नाही. मी तिथंच बसून शेंगा सोलत होते.

धुळ्याचे पाहुणे आले, तेव्हा आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीचा श्रावणातला सण होऊन दोनच दिवस झाले होते. देवीला वाजतगाजत पाण्यात सोडून आलो होतो, घरात अजून प्रसादाचे रोट शिल्लक होते. पोरगा आला होता, त्याची आई आली होती आणि नाना नावाचा एक मामा. मामानं मला चालून दाखवायला सांगितलं. बैल घ्यायला आला होता जसा.

मी चालले. चार पावलं टाकली, वेणी सोडली, डोळे फिरवले आणि घुमायला लागले. मनात म्हटलं, पळा आता.

कोण पळतंय? पोराची आई खुर्चीवरून खाली आली आणि धाडकन माझ्या पायावर पडली.

"कानबाई उनी व माय! बठ्ठा पाया पडा!"

माझ्या अंगात देवी आली म्हणून बघता बघता अख्खी खोली जमिनीवर. मी घाबरून आणखी जोरात घुमले. पोह्यांची बशी भिरकावली, तर त्या बाईनं फरशीवरचे पोहे वेचून प्रसाद म्हणून खाल्ले. नानाला एक थोबाडीत ठेवून दिली. त्यानं दुसरा गाल पुढे केला, "इकडे पण, माय." आणि भाऊ. माझे भाऊ हात जोडून माझ्याशी बोलले. सरळ माझ्याशी. "आई, काय चुकलं लेकराचं?"

खोटं कशाला बोलू, मला मजा यायला लागली. एवढी वर्षं ज्यांनी माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाही, ते सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. म्हटलं, हीच वेळ. जाडा आवाज काढला आणि सांगून टाकलं, "हे लग्न करू नका."

मग अक्का म्हणाली, "माय रुसेल शे. तिनी ओटी भरा."

यांची देवी नाही म्हणाली, की ती रुसलेली असते. तिला नको असेल, असं यांच्या डोक्यातच येत नाही.

पोराच्या आईनं पिशवी उघडली. मला कुंकू लावलं. ओटीत तांदूळ, नारळ, वर हिरवी साडी. मला वाटलं, सुटले. देवी शांत झाली की हे जातील. मी ओटी घट्ट धरली, दोन हेलकावे दिले आणि हळूच डोळे उघडले.

समोर सगळे हसत होते. आई डोळे पुसत होती. भाऊ नानाच्या गळ्यात पडले होते आणि अक्का सगळ्यांच्या हातावर साखर ठेवत होती.

"साखर कशाची?" मी विचारलं.

"तुनीच," अक्का म्हणाली.

कुंकू, साडी, नारळ. देवीची ओटी अशीच भरतात. आणि पसंत पडलेल्या पोरीचीही अशीच भरतात. ती पिशवी त्यांनी आणली होती ती कशासाठी? एवढं खानदेशातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मला नाही कळलं.

"ते देवीला दिलं होतं," मी ओरडले.

"मग तिनं घेतलं की," पोराची आई म्हणाली. "दोन्ही हातांनी."

"देवीबिवी काही नव्हती. मी सोंग करत होते."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. आईला म्हणाले, "तिला म्हणावं, गप बस. मघाशी देवी होती म्हणून ऐकलं. आता ही बोलतेय."

मग राहिलं काय हातात? मी पुन्हा केस सोडले, पुन्हा डोळे फिरवले, फरशीवर लोळण घेतली आणि छत हादरेल अशा आवाजात गरजले, "मोडा ही सोयरीक!"

अक्कानं साखरेचा हात पदराला पुसला.

"ऊठ," ती म्हणाली. "देवी एक दिनमा दोनदा येत नही. सोंग कोनले दाखाडस?"

मार्गशीर्षात लग्न लागलं. आणि मला राग कशाचा येतो, सांगू? दुसऱ्या वेळेला मी कितीतरी चांगलं केलं होतं.