आत उघडणारं दार

इमारतींचे नकाशे काढणाऱ्या आमच्या ऑफिसात तिला सगळे टेपताई म्हणत. पर्समध्ये एक वेळ कंगवा नसेल, पण मोजायची टेप असायचीच. लग्नाला गेली तरी हॉलच्या पायऱ्या मोजून यायची आणि सोमवारी आम्हाला ऐकवायची, "साडेसात इंच! म्हातारं माणूस चढणार कसं?" आम्ही थट्टा करायचो. ती रागवायची नाही, उलट आमच्याच टेबलांची उंची मोजून त्यांतले दोष काढायची.

व्हीलचेअरवर असणाऱ्यांसाठीच्या शौचालयाचा नकाशा तीच काढायची. नियमांचं जाडजूड पुस्तक साहेबांनी कधी उघडलं नाही, मी तर नाहीच नाही. तिला ते तोंडपाठ होतं. कमोडची उंची, आधाराच्या दांड्या, बेसिनखाली गुडघे जातील एवढी जागा, सगळं चोख. फक्त पहिल्याच इमारतीत शौचालयासमोरचा बोळ अरुंद निघाला. दार बाहेर उघडलं तर येणाऱ्याजाणाऱ्याच्या नाकावर आपटेल, म्हणून साहेब म्हणाले, "दार आत फिरव." तिनं कुरकुरत त्या एका इमारतीपुरतं फिरवलं. ते चित्र कॉम्प्युटरमध्ये राहिलं आणि पुढे बोळ रुंद असो की अरुंद, आम्ही सगळे तेच उचलून नव्या नकाशात चिकटवत गेलो. तीही सही करत गेली. अठरा वर्षांत त्रेपन्न इमारती झाल्या आणि एकही तक्रार आली नाही. साहेब हे चारचौघांत छाती फुगवून सांगायचे.

गेल्या वर्षी टेपताई घराच्या कागदांसाठी एका कचेरीत गेली. इमारत आमचीच. तिथे त्या शौचालयासमोर एक बाई पाठमोरी उभी होती, दोन्ही हातांनी चादर ताणून धरलेली.

"कडी बिघडलीय का?" टेपताईनं विचारलं.

"कडीला काय धाड भरलीय? खुर्ची आत गेली की दारच लागत नाही. आमचे हे आहेत आत. आता चादर घरूनच आणते मी." मग दम घेऊन ती म्हणाली, "ज्यानं कोणी हे काढलं ना, त्याला एकदा बसवा इथे, दार सताड उघडं टाकून."

टेपताईनं चादरीचं एक टोक धरलं. ते आपणच काढलंय हे सांगायची तिची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी मला हे सांगताना ती रडली.

मग चार दिवस रजा टाकून ती आमच्या इमारती पाहत फिरली. बहुतेक ठिकाणी त्या खोलीला कुलूप होतं. आत बादल्या, फिनेलचे डबे, मोडक्या खुर्च्या. एका शिपायानं वर सुनावलं, "इथे कोणी येतच नाही, बाई. उगीच जागा अडवून ठेवलीय." ते कोणी वापरतच नव्हतं, तक्रार करणार कोण? तिनं हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं. त्या हसण्याची अजून लाज वाटते.

तेव्हा आमचं एक हॉस्पिटल उभं राहत होतं. भिंती झाल्या होत्या, दारं बसायची होती. अशी बारा शौचालयं. दार बाहेर उघडेल असं बसवायचं, बस्स. बोळही चांगले ऐसपैस होते. ती सुधारलेला नकाशा घेऊन साहेबांसमोर उभी राहिली.

"हे बदललं तर मागच्या इमारतींचं काय, असं विचारतील," साहेब म्हणाले. "मग काय सांगायचं? आम्ही चुकलो?"

"हो. चुकलो."

"तू चुकलीस. सही तुझी आहे."

अठरा वर्षं 'आमची टेपताई' म्हणून मिरवणारा माणूस एका वाक्यात हात झटकून मोकळा झाला. 'दार आत फिरव' हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. पण माझ्या बढतीचं घाटत होतं, आणि मी मूग गिळून बसलो.

टेपताई थेट हॉस्पिटलच्या बांधकामावर गेली आणि तिनं सुताराला दारं बाहेर उघडतील अशी बसवायला परस्पर सांगितलं. तिसऱ्या दिवशी मुकादमाचा फोन आला. साहेबांनी आत उघडणाऱ्या दारांचा मंजूर नकाशा माझ्या हातात दिला. "जा, निस्तर ते."

मी पोचलो तेव्हा दोन दारं बसली होती. टेपताईनं कुठूनतरी जुनी व्हीलचेअर मिळवली होती. तिच्यात बसून ती आत गेली, आणि कडी लागल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. क्षणभरानं दार उघडून ती बाहेर आली, एखाद्या पोरीसारखी खुशीत.

"बघ! लागतं."

मग माझ्या हातातली गुंडाळी तिला दिसली.

"आता काय करायचं?" सुतारानं मला विचारलं.

"मंजूर नकाशाप्रमाणे करा," मी म्हणालो.

"मग तसं लिहून सही द्या. उद्या माझ्यावर शेकायला नको."

मी टेपताईकडे पाहिलं. ती खुर्चीतून उठली नव्हती.

"माझ्याकडे काय बघतोस? सही तू कर," ती म्हणाली. "मी करत होते तेव्हा खुर्ची आत गेल्यावर काय होतं ते मला माहीत नव्हतं. तुला माहीत आहे."

मी सही केली. सुतारानं लगेच बिजागऱ्या काढायला घेतल्या.