हळद लागलेला कार्बोरेटर

माझ्या लग्नात काकाजींची एकच अट होती. नवरदेव त्यांच्याच मोटारीतून जाईल. मोटार इंग्रजांच्या वेळची, आणि तिचा कार्बोरेटर म्हणजे आमच्या घरातला सर्वांत लाडावलेला प्राणी. हळदीच्या दिवशीच काकाजींनी तो खोलला. गाडी हळू चालताना ज्यातून पेट्रोल येतं त्या पितळी स्लो जेटचं बारीक भोक त्यांना दिसेना, म्हणून त्यांनी मला पाटावरून उठवलं. मी हळदीच्या हातांनी ते सुईने कोरलं, हळदीच्या तोंडाने फुंकलं आणि बसवून दिलं. आई ओरडत होती की हळदीच्या अंगाने घराबाहेर पडू नको. कार्बोरेटरबद्दल ती काही बोलली नव्हती.

तसंही माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मुलगी बघायला गेलो तेव्हा ती मान खाली घालून बसली आणि एक शब्द बोलली नाही. होकार कळवला तो तिच्या वडिलांनी. तिला स्वतःला मी पसंत होतो की नाही, हे कुणाला विचारायची सोय नव्हती, आणि त्या विचाराने माझी झोप उडाली होती.

दुसऱ्या दिवशी सीताबर्डीहून वरात निघाली आणि हळद कुठे जाऊन बसली ते कळलं. गाडी जोरात छान पळायची, पण जरा हळू केली की आचके देऊन बंद. दोनदा ढकलून झाल्यावर काकाजींनी वेग धरला तो सोडलाच नाही. भर मे महिन्यात बँडवाले पुढे धावू लागले.

"अजी काकाजी, काहून पळवून राहिले आमाले?" ढोलवाला ओरडला. "वरात आहे का शर्यत?"

वरात वेळेवर येईल असं महाल भागातल्या मुलीकडच्यांच्या स्वप्नातही नव्हतं. मांडवात अजून सतरंज्या अंथरणं चालू होतं. सासरे धोतर सावरत पुढे आले. "थांबा जी, थांबा! ओवाळायचं ताट व्हायचं आहे, पोरीची वेणी व्हायची आहे!"

ओवाळल्याशिवाय मी उतरणं शक्य नव्हतं, ताट येईपर्यंत नवरदेवाला बंद गाडीत ताटकळत ठेवणं काकाजींना कमीपणाचं वाटत होतं, आणि व्याह्यांच्या दारात गाडी आपोआप बंद पडली तर काकाजींचं नाक कापलं गेलं असतं. त्यांनी गाडी तशीच पुढे काढली आणि गल्लीला वळसा घातला.

परत आलो तर वरच्या गॅलरीत ती उभी. हातात फणी, केस मोकळे.

"थांबत काहून नाही?" तिने वरून विचारलं.

"कार्बोरेटर!" मी मुंडावळ्या सावरत ओरडलो, आणि गाडी पुढे गेली.

पुढच्या वळशाला वेणी अर्धी झाली होती. "काय झालं त्याले?"

"हळद गेली त्यात! मीच फुंकली!"

मागून तिचं हसणं ऐकू आलं. गल्लीभर ऐकू जाईल असं, खदखदून. कुणीतरी बाई तिला आत ओढत होती आणि ती जात नव्हती. माझा जीव भांड्यात पडला. मला इतका आनंद झाला की मी एकटाच मागच्या सीटवर हसत बसलो.

पुन्हा वळलो, तेव्हा सासूबाई ताट घेऊन दारात उभ्या होत्या. वर ती वेणीला गजरा माळत होती.

"चला, सुटलो एकदाचे," काकाजी म्हणाले. "करतो बंद."

मी त्यांचा खांदा धरला. "काकाजी, आणखी एक चक्कर मारा नं."