आईनं मला कुशीवर वळवलं तेव्हा

आई गेल्याची बातमी मला कुणी आणून दिली नाही. मी त्याच खोलीत होतो, तिच्यापासून हातभर अंतरावर, भिंतीकडे तोंड करून. त्याला आता काही आठवडे झाले. बहीण सुशीला म्हणते, लिही, लिहिल्यानं मोकळं वाटेल. अजून तरी वाटत नाही.

डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत तिला सगळे काकी म्हणत. वडील गिरणीत होते. ते छातीच्या दुखण्यानं गेले तेव्हा मी आणि सुशीला लहान होतो. आईनं गावी परत जायचं नाकारलं आणि त्याच खोलीत खाणावळ सुरू केली. सावंतवाडीकडची, बायकामुलं गावी ठेवून आलेली गिरणीतली माणसं आमच्याकडे जेवायची. ती नुसती जेवू घालत नव्हती. कुणाला ताप आला की त्याला पेज न्यायची, कुणाचं बाळंतपण अडलं की पदर खोचून निघायची. पाळीवरून आलेल्या माणसाचा चेहरा बघून, आज ह्याला गावची आठवण आली आहे, हे तिला कळायचं, आणि त्या दिवशी त्याच्या पानात माशाची एक तुकडी जास्त पडायची. मी मॅट्रिक होऊन एका कचेरीत चिकटलो तेव्हा तिनं अख्ख्या मजल्याला पेढे वाटले. आता तिच्या हातांना जरा विश्रांती मिळेल, असं मला वाटलं होतं.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली तेव्हाची गोष्ट. मीही मोर्चांना जायचो, घोषणा द्यायचो. पण त्या दिवशी गेलो नव्हतो. बाहेर वातावरण तापलेलं होतं, दुकानं अर्धी दारं लावून बसली होती आणि आमटीच्या ऐन वेळी घरातलं मीठ संपलं. आई म्हणाली, "वायच धावत जावन मीठ घेवन ये. माणसा जेवूक येतली." कोपऱ्यावरच्या वाण्याकडून पुडी घेऊन मी वळलो, तर समोरून लोक पळत येत होते. मीही पळालो. पाठीत कुणीतरी जोरानं ढकलल्यासारखं वाटलं... इतकंच आठवतं. पुढे इस्पितळातलं छत आठवतं.

डॉक्टरांनी तिला बाजूला नेऊन सांगितलं की, गोळी मणक्यात लागली आहे, हा आता चालणार नाही. तिनं रडण्याआधी एकच विचारलं, "उठाचो नाय, पण बसतलो काय?" डॉक्टर म्हणाले, प्रयत्न केला तर बसेल. तेवढ्यावर ती मला घरी घेऊन आली. खाणावळीतल्या माणसांनी मला उचलून जिना चढवला. त्यात धोंडू होता, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा, आमच्याकडे सर्वांत जुना. नर्सकडून आई शिकून आली होती की, अशा माणसाला एका अंगावर ठेवायचं नाही, पाठ फुटते. तेव्हापासून चुलीवर भात चढवला की मला वळव, भात उतरवला की पुन्हा वळव, असं तिचं सुरू झालं. मी पंचविशीतला पुरुष. आईनं मला तान्ह्या मुलासारखं पुसायचं, याची लाज मला आधी मारून टाकायची. हळूहळू तीही गेली.

गेली नाही ती मिठाची पुडी. "तुझी चूक नाही, आई," असं मी किती वेळा सांगितलं असेल. ती ऐकून घ्यायची आणि कामाला लागायची. राज्य झालं तेव्हा चाळीत दिवे लागले, माझी खाट गॅलरीत आणली गेली. नंतर विभागातले कार्यकर्ते आले. त्यांना आईचा वीरमाता म्हणून सत्कार करायचा होता, शाल द्यायची होती. तिनं त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "तो मोर्चात नाय होतो. मीठ आणूक गेल्लो. मीच धाडलंय."

त्यांच्यातला एक तरुण हळूच म्हणाला, "काकी, गोळीला काय कळतं, कोण मोर्चातलं आणि कोण नाही?"

"माका कळता ना," आई म्हणाली.

ते गेले. ती भिंतीला टेकून बसून राहिली. मी खाटेवरून बघत होतो. उठून तिच्या पाठीवर हात ठेवावा, एवढंच मला करायचं होतं...

आई गेली त्या दुपारी पहिल्या पाळीची माणसं अजून सुटायची होती. चाळीतल्या बायका खाली नळावर होत्या. सकाळपासून आई छाती चोळत होती. विचारलं तर म्हणाली, वारा धरलाय. तिनं नेहमीसारखं माझ्या खांद्याखाली हात घालून मला भिंतीकडे वळवलं, पाठीला उशी लावली आणि "वायच बसतंय" म्हणून खाटेपाशी खाली बसली. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "पाणी दी रे." आणि लगेच, आपण कुणाला सांगतोय ते लक्षात आल्यासारखं, "नको... रवांदे."

उभ्या आयुष्यात तिनं स्वतःसाठी माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट असावी. माठ खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता. मी ओरडलो, भिंतीवर मुठी आपटल्या. मला वळता येत नव्हतं. हात मागे नेऊन चाचपडलो तेव्हा तिचे केस बोटांना लागले. ते धरून मी हाका मारत राहिलो. पलीकडच्या पार्वतीबाई कळशी घेऊन वर आल्या, तोवर हाकांचा उपयोग उरला नव्हता. त्यांनीच मला वळवलं, आणि मग मी आईकडे पाहिलं.

तिला नेताना मला उचलून तिच्या पायांपर्यंत आणलं. अग्नी चुलतभावानं दिला. जिना उतरणाऱ्या पावलांचा आवाज मी खाटेवरून ऐकला.

रे रोडहून सुशीला रोज येते. संसार सांभाळून जेवढं जमतं तेवढं करते. खाणावळ बंद झाली, माणसं दुसरीकडे जेवतात. पण पाळी सुटली की धोंडू आधी आमच्याकडे येतो. मला वळवण्याआधी आई आपले तळवे चुलीवर धरून गरम करायची. ते त्यानं पाहिलेलं असणार. तोही स्टोव्ह पेटवतो, साच्यावर निबर झालेले हात वर धरतो आणि मग माझ्या कमरेवर ठेवतो. तिथे मला काही कळत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. तरी तो तिच्यासारखाच विचारतो, "गरम लागता मां?"

मी हो म्हणतो.