सोलरअक्का आणि कबुतरं

अक्का दुसऱ्याच्या गच्चीवर चढायच्या त्या ओलं फडकं घेऊन. हत्यारांची पिशवी मागाहून. जे. पी. नगरच्या आमच्या गल्लीत कुणाचं सोलर बंद पडलं की कंपनीच्या माणसाआधी त्यांना हाक जायची. सरकारी कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या या मराठी बाईंना सगळे सोलरअक्का म्हणत.

मी पुण्याहून नवी आलेली. भर उन्हात वीज बनेना म्हणून नवा इन्व्हर्टर मागवायला निघाले, तर अक्का इथल्या कानडी वळणानं म्हणाल्या, "स्वल्प थांब गं. आधी गल्लीत लाइट आहे का बघ." लाइट गेलेली होती. "लाइन गेली की हा आपणहून बंद होतो. नाहीतर खांबावर चढलेल्या माणसाला आपल्या विजेचा झटका बसेल." लाइनीनंतर बटण, मग वायर, शेवटी पॅनेल, हा त्यांचा क्रम. घाई करणाऱ्याला त्या खाली चहा टाकायला पाठवत. मलाही पाठवलं होतं.

दोष बहुतेकदा कबुतरांचा निघे. पॅनेलखालच्या सावलीत ती घरटी करतात. त्यांची वाळलेली घाण अक्का वर्षानुवर्षं तोंडाला काही न बांधता खरवडत राहिल्या. मास्क दिला तर म्हणायच्या, "मग जळक्या वायरचा वास कसा येणार?" या हट्टाचा मला आजही राग येतो. त्यांना खोकला सुरू झाला, दम लागू लागला. कबुतरांच्या विष्ठेनं फुप्फुसं निकामी झाली, असं डॉक्टर म्हणाले. गच्ची बंद झाली, उशाशी ऑक्सिजनचं मशीन आलं.

त्यानंतर त्यांचंच सोलर बंद पडलं. अंथरुणातून, शब्दागणिक थांबत, त्या फोनवर विचारत होत्या. लाइट आहे? बटण वर आहे? मी मास्क लावून पॅनेलखाली वाकले. एक जोडणी सुटली होती आणि नेमकं तिच्यावर घरटं होतं.

"अक्का, आत पिल्लं आहेत. काढू?"

त्या म्हणाल्या, "राहू दे. उडेपर्यंत थांबू. मला काय, लाइनची वीज आहेच."

मला ते पटलं नाही. ज्यांनी यांचा श्वास नेला, त्यांच्यावर कसली माया? पण गच्ची त्यांची होती. मी खाली आले.

पिल्लं उडायच्या आधीच अक्का गेल्या.

पुढे रिकामं घरटं काढून, सगळी बटणं बंद करून मी ती जोडणी बसवली. बटणं पुन्हा वर केली तसा इन्व्हर्टरचा दिवा हिरवा झाला. घरात वीज वापरायला कुणी नाही, म्हणून अक्कांच्या गच्चीवरची सगळी वीज आता लाइनीतून गल्लीला जाते.